मोलगीहून निघून समुद्राच्या थरापर्यंत

पहाटे ३.३०. मोलगी अजून झोपेत आहे. बाजारपेठेतल्या एका दुकानासमोरचा दिवा आणि आमच्या जीपचे दिवे, एवढाच काय तो उजेड. मागच्या सीटवर दोन विद्यार्थी आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही याच डोंगरातल्या पाड्यांवरचे. डब्यात ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदे. पाण्याचे कॅन भरून घेतले आहेत. सामान रात्रीच तपासलं होतं, तरी निघताना पुन्हा पिशवीत हात घालून बघतो. हातोडे, पातळ आणि रुंद छिन्न्या, डोळ्यांवर लावायचे चष्मे, भिंग, मोजपट्टी, थराचा उतार मोजायचं होकायंत्र, सौम्य आम्लाची छोटी बाटली, कापूस, जुनी वर्तमानपत्रं, कापडी पिशव्या. आणि वही, शिसपेन्सिल. बाकी काही राहिलं तर दिवस निभावून नेता येतो. वही राहिली तर गाडी मागे वळवायची, हा माझा नियम आहे.

आज अमोनाईट शोधायचे आहेत. शंखासारखी गुंडाळी असलेला, पण गोगलगायीच्या नव्हे तर म्हाकूळ आणि ऑक्टोपसच्या कुळातला हा समुद्री प्राणी. जगातल्या सगळ्या समुद्रांतून तो कधीच नाहीसा झाला आहे. मागे बसलेल्या दोघांनी अजून समुद्र पाहिलेला नाही.

४ च्या सुमारास देवगोई घाट सुरू होतो. वळणावर गाडीचे दिवे दरडीवर पडतात आणि काळ्या दगडाची भिंत उजळते. सातपुड्याचा हा भाग लाव्हाचा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, गोठला, पुन्हा आला. अशा दरडींत दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा गोठल्यावर पुढचा येईपर्यंत माती तयार व्हायला सवड मिळाली होती, याची ती खूण. त्याच सुमाराला जगभरातले अमोनाईट संपले, मोठे डायनासोरही संपले. तेव्हा मोलगीच्या काळ्या दगडात अमोनाईट शोधण्यात अर्थ नाही. लाव्हाच्या उष्णतेत शंख टिकत नाही, आणि हा लाव्हा समुद्रात नव्हे तर जमिनीवर पसरला होता.

पण लाव्हा येण्याच्या २ कोटींहून अधिक वर्षं आधी नर्मदेच्या आजच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्राची एक चिंचोळी पट्टी आत शिरली होती. तिच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे मध्य प्रदेशातल्या बाग गावावरून ‘बाग बेड्स’ नावाने ओळखले जाणारे थर. त्यांच्यावर पुढे लाव्हा पसरला. जिथे नर्मदेने आणि तिच्या उपनद्यांनी तो काळा दगड कापून काढला आहे तिथेच हे थर उघडे पडतात.

मुलगी विचारते, “सर, नर्मदा तर आपल्याकडेही आहे. मग एवढ्या लांब का जायचं?”

प्रश्न रास्त आहे. मोलगीच्या उत्तरेला डोंगर उतरलं की नर्मदाच, आणि नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची हद्दही तीच. पण तो काठ आता सरदार सरोवराच्या जलाशयाचा आहे. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, २०१९ च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदाच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत चढलं. मणिबेलीसारखी गावं त्याआधीच बुडत आली होती. गावांच्या, शेतांच्या, देवस्थानांच्या हानीपुढे खडकाची गोष्ट काढणंही जड जातं, पण काठाचा खालचा खडकही त्याच पाण्याखाली आहे. म्हणून मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, मान नदीच्या खोऱ्यात जायचं. तिथे उभा छेद कोरडा मिळतो, हात लावून मोजता येतो.

५.३० ला तळोद्याच्या पुढे आहोत. उजाडतं आहे. तापीच्या सपाटीतली केळी, पपई, ऊस. काळी गाळाची जमीन. शहाद्यावरून खेतिया. तिथे थांबून पोहे आणि चहा.

खेतियाच्या टपरीवर मी मुलांना ब्लॅनफर्डची गोष्ट सांगतो. विल्यम ब्लॅनफर्ड १८५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला, आणि तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरचा त्याचा मोठा अहवाल १८६९ मध्ये छापला गेला. आपला सगळा मुलूख त्यात येतो. त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, कॅप्टन कीटिंज याने बाग परिसरातले जीवाश्म जमवले होते. १८६५ मध्ये डंकन याने लंडनमध्ये बसून बागच्या समुद्री साळूंवर लेख लिहिला. मग आले प्रमथनाथ बोस. १८८४ मध्ये त्यांनी खालच्या नर्मदा खोऱ्याचं भूविज्ञान मांडलं आणि या थरांना जी नावं दिली ती अजून चालतात. हेच बोस पुढे १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल पत्र लिहिणारे. जमशेदपूर उभं राहिलं त्यामागे ते पत्र आहे. ज्या माणसाने नर्मदेकाठच्या चुनखडीत शिंपले मोजले, त्यानेच देशाच्या पोलादाची जागा दाखवली. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव ठळक असायला हवं होतं.

पानसेमल, बडवानी, मग नर्मदेवरचा पूल. इथेही जलाशयाचं फुगलेलं पाणी. पूल ओलांडताना मी गाडी हळू घ्यायला सांगतो. दक्षिणेला आपल्या सातपुड्याची निळसर रांग, उत्तरेला विंध्याचा उतार, मध्ये ही लांबट खोलगट पट्टी. जमिनीला पडलेल्या जुन्या, खोल भेगांच्या बाजूने खचत गेलेली. नदी याच वाटेने वाहते आणि समुद्रही याच वाटेने आत आला होता.

९.३० नंतर चिराखानला पोचतो. आधी गावात. ज्यांच्या शेताच्या बांधावरून नाल्यात उतरायचं त्या काकांना भेटून काय करणार, कुठे बसणार, काय नेणार हे सांगायचं. ते भिलालीत बोलतात, माझा विद्यार्थी पावरीत. दोघांचं छान जुळतं. काका म्हणतात, “बघा, पण बांध पाडू नका.” ही अट लहान नाही. बांध पडला तर पावसात माती जाते. म्हणून आम्ही फक्त नाल्याने आधीच उघड्या केलेल्या दरडीत काम करतो.

१० ते ११. या तासात हातोड्याला कोणी हात लावत नाही. मुलांना हे जड जातं, कारण पायाशीच शिंपल्यांचे तुकडे दिसत असतात. पण आधी छेद काढायचा. दरडीच्या तळापासून वरपर्यंत मोजपट्टी लावायची, जिथे दगडाचा रंग, पोत, कठीणपणा बदलतो तिथे खूण करायची, प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा आणि वहीत उभं चित्र काढायचं.

या खोऱ्यातली सगळी उतरंड मनात ठेवली की चित्र वाचता येतं. सगळ्यात खाली निमार वालुकाश्म. बागच्या प्रसिद्ध लेण्या त्याच वाळूच्या दगडात कोरलेल्या आहेत. त्याच्यावर गाठाळ चुनखडी, पांढुरकी, बारीक कणांची, ढेपा एकमेकींना चिकटवल्यासारखी. तिच्यावर देवला-चिराखान मार्ल, म्हणजे चिकणमाती मिसळलेला ठिसूळ चुना. त्यात साळू, शिंपले, ब्रॅकिओपॉड भरपूर. मग लालसर-पिवळी ‘कोरलाइन’ चुनखडी. नावावरून प्रवाळ वाटतं, पण भिंगाखाली दिसतात ती बहुतांशी ब्रायोझोआ या चिमुकल्या समुद्री जीवांची बारीक फांद्यांची वसाहत-घरं. तिच्याही वर लाव्हा. तोच, मोलगीचा.

मुलगा वर बोट दाखवतो. टेकडीच्या माथ्यावर काळा दगड आहे. “म्हणजे आपल्या गावाखालीही हा पांढरा दगड असेल?”

मोलगीखाली नेमकं काय आहे ते खोल भोक पाडल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी त्याला सांगतो. पण काळ्या दगडाच्या खाली त्याहून जुनी जमीन आहे आणि नर्मदेच्या बाजूला त्या जुन्या जमिनीवर समुद्र होता, हे नक्की.

११ ते १२.३०. आता गाठाळ चुनखडी. अमोनाईट मुख्यतः याच थरात मिळतात. दोघं जण दरडीपासून हातभर अंतरावर बसून एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर नजर सरकवतात. शोधायचं काय? संपूर्ण गुंडाळी क्वचितच समोर येते. दिसते ती एखादी नियमित वक्र कड. दगडातल्या भेगा वाकड्यातिकड्या असतात. शंखाची कड मात्र एकसारख्या वेगाने रुंदावत जाते. डोळ्याला एकदा ती सवय झाली की दगड आपण होऊन वेगळा दिसू लागतो.

मुलीला दिसतो. “सर! काढू?”

“आधी लिही.”

ती लिहिते. थर क्रमांक, थराच्या तळापासूनची उंची, दिशा, आडवा की कलता. तळहाताएवढा आहे, थराला समांतर, आडवा पडलेला. दगडावर पेन्सिलीने वरच्या बाजूला बाण काढला जातो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. मग मी भिंग तिच्या हातात देतो.

हा प्लासेंटिसेरास. बागच्या थरांतला सगळ्यात ओळखीचा अमोनाईट. दोन्ही बाजूंनी चपटा, बाहेरची कड अरुंद, शेवटचा वेढा आतल्या वेढ्यांना जवळजवळ झाकून टाकणारा, मधली नाभी लहानशी. मूळ शंख उरलेला नाही. तो विरघळून गेला. आत शिरलेला चुनाळ चिखल घट्ट होऊन दगड झाला, तोच आपल्या हाती येतो. आणि शंख गेला म्हणूनच त्याच्या आतली रचना दिसते. दगडाच्या पृष्ठभागावर नागमोडी, पुन्हा पुन्हा फाटे फुटलेल्या बारीक रेषा आहेत. त्या शिवणरेषा. शंखाच्या आत पडदे घालून प्राण्याने खोल्या केल्या होत्या, आणि प्रत्येक पडदा बाहेरच्या भिंतीला जिथे जुळला तिथे ही रेषा. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, मोठ्या खोलीत. मागच्या खोल्या सोडलेल्या, पण वाया न गेलेल्या. सगळ्यांमधून एक बारीक नळी जायची, तिच्यातून खोल्यांमधलं पाणी काढून घेत प्राणी पाण्यात तरंगत राहायचा. जाती ओळखायच्या त्या बऱ्याच अंशी या रेषांवरून. मुलगी भिंगातून बघत रेषा मोजते, शेवटच्या काही रेषा एकमेकींच्या जवळ आल्या आहेत हे तिच्या लक्षात येतं. पूर्ण वाढ झालेल्या अमोनाईटमध्ये असं दिसतं. तिने ते न सांगता हेरलं याचा मला फार आनंद होतो.

एका बाजूवर एक लहान कालव चिकटलेलं आहे. कालव बसलं म्हणजे प्राणी मेल्यानंतर शंख बहुधा काही काळ तळावर उघडा पडून होता, लगेच गाडला गेला नाही. हेही वहीत जातं.

मग छिन्नी. जीवाश्मावर कधीच नाही, त्याच्यापासून दोन-तीन बोटं सोडून भोवतीच्या दगडावर, कड बाहेरच्या दिशेला वळवून. हलके, सारखे ठोके. दगडाचा आवाज बदलला, भरीव होता तो पोकळ झाला, की थांबायचं. भेग धरली आहे. आम्लाची बाटली इथे बाहेर काढायची नाही. ती फक्त सुट्या दगडाचा चुना तपासायला. जीवाश्मही चुन्याचाच, एका थेंबात फसफसून त्याच्या शिवणरेषा जातील. अर्ध्या तासाने तो भोवतीच्या दगडासकट सुटतो. साफसफाई इथे नाही, टेबलावर, सुईने.

१२.३० ला ऊन चढतं आणि वरून पडणारा उजेड सगळ्या कडा सपाट करून टाकतो. आता शोधून काही दिसणार नाही. मोहाच्या झाडाखाली भाकरी सोडतो.

शेळ्या घेऊन आलेली एक आजी जवळ बसते, अमोनाईट हातात घेऊन उलटापालटा करते, विचारते, “याचं काय करता?” मुलगा तिला समजावतो, इथे समुद्र होता, हा त्यातला प्राणी. ती नाल्याकडे बघते, मग विचारते, “मग पाणी गेलं कुठे?” प्रश्न नेमका आहे. जमीन उचलली गेली, समुद्राची पातळी उतरली, पट्टी गाळाने भरत गेली. एवढं ऐकून ती मान हलवते.

मराठी घरात अमोनाईट नवा नाही, हे मी मुलांना सांगतो. देवघरात, तुळशीच्या लग्नात जो शाळिग्राम असतो तो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातला काळा गोटा. त्यातलं चक्र म्हणजे बऱ्याचदा अमोनाईटच्या गुंडाळीचा ठसा. तो प्राणी हिमालय उभा राहण्यापूर्वीच्या टेथिस समुद्रातला आणि आमच्या या अमोनाईटपेक्षाही जुना. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ज्याला हात जोडले त्यात कधीकाळी जीव होता, हे कळल्याने भक्ती कमी व्हायचं कारण नाही. उलट गोट्याकडे पाहायला आणखी एक कारण मिळतं.

२ ते ४. सावलीतलं काम. प्रत्येक नमुना कापसात, मग वर्तमानपत्रात, मग पिशवीत. चिठ्ठी दोन ठिकाणी, एक आत, एक बाहेर, आणि तोच क्रमांक वहीत.

इतकी काटेकोर नोंद कशासाठी, हे मुलांना इथेच सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्रेडनबर्ग याने बागच्या अमोनाईटांवर लिहिलं आणि इथल्या प्लासेंटिसेरासला ‘मिन्टोई’ हे जातीचं नाव दिलं. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, चिपळूणकर, बडवे, घारे या मंडळींनी बागच्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं काम केलं. चिपळूणकरांचे इथल्या साळूंवरचे लेख तर त्याही आधीचे, १९३० च्या दशकातले. शिंपले, साळू, अमोनाईट, सगळ्यांची यादी लावण्यात या मराठी मंडळींचा वाटा मोठा आहे. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे बर्धन आणि त्यांचे सहकारी गंगोपाध्याय यांनी १९९८ मध्ये इथल्या प्लासेंटिसेरासच्या तोंडाची कड आणि जबडे अभ्यासले. २०१३ मध्ये जेटली आणि अजणे यांनी ‘मिन्टोई’चा पुन्हा विचार करून गाठाळ चुनखडी ट्युरोनियन काळातली ठरवली, म्हणजे सुमारे ९ कोटी ते ९ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची. त्याआधी काहींनी हाच खडक नंतरच्या कोनियाशियन काळाचा मानला होता.

हा वाद दोन पंडितांचा रुसवा नाही. नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र केव्हा आला, किती टिकला, केव्हा हटला, याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. अमोनाईटच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि दूरदूर पसरल्या. म्हणून मादागास्करच्या खडकाशी धारचा खडक जुळवता येतो. पण जुळवायचं तर कोणती जात कोणत्या थरात, कोणत्या जातीच्या खाली की वर, हे माहीत हवं. सुंदर, पूर्ण, चकचकीत पण थराची नोंद नसलेला अमोनाईट या वादात साक्षीला उभा राहू शकत नाही. त्याच्यापेक्षा अर्धवट तुटलेला, पण ‘थर क्रमांक अमुक, तळापासून इतक्या सेंटिमीटरवर’ असं लिहिलेला तुकडा मोलाचा. आम्ही दगड गोळा करतो असं लोकांना वाटतं. खरं तर आम्ही त्याची जागा गोळा करतो.

४.३० ते ६. दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. ऊन तिरपं झालं की दरडीवरची प्रत्येक उंची सावली टाकते आणि दुपारी कोऱ्या वाटलेल्या ढेपांवर कडा उठून दिसतात. मुलाला दोन तुकडे मिळतात. मार्लमध्ये साळू, हृदयाच्या आकाराचे हेमिआस्टर, बोराएवढे.

मग एका मोठ्या शिळेत भाकरीएवढा अमोनाईट दिसतो. अर्धा आत, कड चिरलेली. मुलं माझ्याकडे बघतात. तो काढायचा तर शिळा फोडावी लागेल, आणि काढताना तो नक्की तुटेल. आम्ही मोजमापं घेतो, वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढतो, जागा नोंदवतो आणि तो तिथेच राहतो. सगळं उचलून नेलं तर पुढच्या अभ्यासकाने माझी नोंद पडताळायची कशावर?

खोऱ्यात चुनखडीच्या खाणी आहेत. सिमेंट लागतं, रोजगारही लागतो. पण खाणीत दरड नव्याने फुटते तेव्हा भूविज्ञानाचा एखादा विद्यार्थी तिथे वही घेऊन उभा असायला हवा, ही तरतूद कुठेच नाही. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा जाहीर केला होता. बागजवळ डायनासोर जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान झालं, ते चांगलंच झालं. डायनासोरला संरक्षण मिळालं, तेवढंच शिंपल्याच्या आणि अमोनाईटच्या थरालाही मिळायला हवं. या खोऱ्यातल्या समुद्राचा पुरावा तोच आहे.

७.३० ला मनावर गावातल्या लॉजवर. आंघोळीआधी वही. दिवसभराच्या नोंदी स्वच्छ उतरवायच्या, छेदाचं चित्र पुन्हा काढायचं, पिशव्यांचे क्रमांक वहीशी जुळवायचे. एक क्रमांक दोनदा पडलेला सापडतो. मुलगी फोटो बघून तो लावते. मुलगा घरी मोलगीला फोन करून सांगतो की समुद्र पाहिला, कोरडा होता.

उद्या सकाळी पुन्हा त्याच दरडीवर, कोवळ्या उन्हात.

वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. जीवाश्म विकत घेऊ नका. विकायला ठेवलेल्या जीवाश्मासोबत थर येत नाही, आणि तुमच्या पैशांनी पुढची दरड फुटते. नर्मदेच्या खोऱ्यात, कच्छमध्ये, तमिळनाडूत अरियलूरला किंवा कुठेही दगडात अशी गुंडाळी दिसली तर ती काढू नका. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो घ्या, एक जवळून आणि एक सगळी दरड दिसेल असा लांबून. जागा फोनवर नोंदवा. ती माहिती जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला, पुण्याच्या आघारकर संस्थेला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.